मानशीवरची वही

चौतीस वर्षं मी पणजीत
दुसऱ्यांच्या निर्णयांवर शिक्के मारले.
कुणी काही विचारलं की उत्तर तयार:
साहेब आले की बघू.
साहेब बदलले, अकरा जण. वाक्य तेच.
सही माझी, पण वर बारीक अक्षरात ‘करिता’.
घरीही तसंच. आज भाजी कुठली? तुम्ही म्हणाल ती.
मला कारली आवडतात
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

रायबंदरहून फेरीत बसून चोडणला परतले,
दोन चष्मे, पेन्शनचं पुस्तक
आणि कचेरीतून उरलेली एक कोरी वही घेऊन.

खाजनाच्या बांधावर मानस आहे.
काळे पडलेले खांब, लाकडी फळ्या, गंजकी साखळी.
आत कोरगुटाचं भात, बाहेर नदीचं खारं पाणी,
आणि मध्ये एक माणूस,
जो ठरवतो.

तो माणूस इनास. ब्याऐंशीचा.
मुलगे कुवेतला, नातू बोटीवर.
मी सहज विचारलं, फळी जड असते का हो?
म्हणाला, “उचलून पळय.”

पहिले सहा महिने मला काही म्हणजे काही कळलं नाही.
चंद्र शिकले, कॅलेंडरातला नव्हे, माडांवरचा.
खांबावरची कालवं कुठवर ओली ते शिकले.
पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचं:
खारट, मचूळ, गोड.
इतक्या फायली हाताळल्या, एकीचीही चव माहीत नव्हती.
वहीत वेळा लिहायचे आणि विचारायचे,
म्हणजे नेमकं किती वाजता उघडायची?
इनास हसायचा. “घड्याळ न्हय गो. उदक सांगता.”

श्रावणातली अमावस. तिसऱ्या दिवसाचा पाऊस.
इनास बांबोळीच्या इस्पितळात, नाकात नळी.
शेतात कमरेएवढं पाणी, बाहेर उधाण.
शाणू म्हणाला, उघड, भात कुजतंय.
तिळू म्हणाला, उघडलीस तर खारं शिरेल.
मग सगळे गप्प झाले
आणि बॅटऱ्यांचा उजेड माझ्या तोंडावर.

वाक्य जिभेवर आलं होतं.
मागे वळून पाहिलंसुद्धा.
बांधावर खुर्ची नव्हती कुणाची.

नदीत एक करवंटी वर वर चढत चालली होती.
मी तिच्याकडे बघत राहिले.
म्हटलं, अजून नाही.
शाणूने शिवी दिली. मी ऐकली.
अजून नाही म्हणणं
उघडण्यापेक्षा जड निघालं.

मग करवंटी थबकली,
जरा गोल फिरली, काहीतरी विसरल्यासारखी,
आणि समुद्राकडे निघाली.
“आता,” मी म्हटलं. आवाज माझाच होता,
थोडा चिरका.

भात वाचलं. सगळं नाही.
पहाटे बांधावरच माझा डोळा लागला,
फळी टाकायला उशीर झाला
आणि शाणूच्या दोन वाफ्यांत खारं शिरलं.
त्याच्या दारात जाऊन सांगितलं, चूक माझी.
तो म्हशीला पेंड घालत होता. घालत राहिला.

वहीत लिहिलं:
उघडली वेळेवर. बंद करायला वीस मिनिटं उशीर. झोप.
खाली सही केली.
वर जागा सोडली होती, सवयीने.
ती कोरीच राहिली.

इनास घरी आला तेव्हा त्याला वाचून दाखवलं.
दोनदा वाचायला लावलं त्याने,
झोपेचं तर तीनदा.
म्हणाला, त्याच्या पहिल्या साली
अर्धं खाजन खारं झालं होतं,
हे त्याने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

आता चौसष्टावं चालू आहे.
फ्लोरिना, इनासची पणती, नऊ वर्षांची,
मला पोहायला शिकवते, रागावून.
हात सोडा म्हणते. मी खांब धरून ठेवते.
शाणू परवा बांधावर आला, नदीकडे बघत म्हणाला,
उद्या पाणी किती?
बोट बुडवलं, चाटलं,
आणि सांगितलं.

फळी मात्र अजून जडच आहे.